दोन इवाई आणि एक ऑइल फिल्टर

आंजीचे खुशालभाऊ आणि नालवाडीचे नत्थूजी एकमेकांचे इवाई. खुशालभाऊंची रोशनी नत्थूजींच्या पीयूषला दिलेली. लग्नाला बरीच वर्षं झाली, नातू शाळेत जायला लागला, तरी दोघांमधला मानपान अक्षता अजून डोक्यावर असल्यासारखा ताजा होता. एक बसल्याशिवाय दुसरा बसायचा नाही, म्हणून दोघांनाही बराच वेळ उभं राहावं लागायचं. दारातून आधी कोणी जायचं याचा निकाल लागेपर्यंत रोशनी कंटाळून मधूनच निघून जायची.

असल्या दोन माणसांनी भागीदारीत ट्रक घेतला.

ट्रक जुना, सहा चाकी, पण इंजिन दमदार. आंजीकडच्या शेतांतली वांगी, कोबी, सांभार म्हणजे कोथिंबीर भरून चंद्रपूरच्या बाजारात न्यायचं. खुशालभाऊ माल गोळा करायचे, पीयूष गाडी चालवायचा. तो कुठे अडकला तर नत्थूजी बसायचे, कारण उमेदीची वर्षं त्यांनी ट्रकवरच काढली होती.

इंजिनचं ऑइल बदलायची वेळ आली तेव्हा पीयूष मित्राच्या लग्नाला निघाला होता. जाताना बापाला म्हणाला, "बाबा, ऑइलसंगं फिल्टरही बदलवजा. आन चांगला घेजा."

दोघं इवाई वर्ध्याच्या दुकानात गेले. दुकानदारानं दोन फिल्टर समोर ठेवले. एक काळा, साधा, खोक्यावर कंपनीचं नाव आणि नंबर. दुसरा लालभडक, चकचकीत, वर वाघाचं तोंड.

नत्थूजींनी लाल फिल्टर उचलला. त्यांना फक्त त्यावर नंबर छापलाय का ते पाहायचं होतं, पण चष्मा घरी राहिला होता. म्हणून त्यांनी तो डोळ्यांजवळ आणला, लांब नेला, उलटा केला, पुन्हा सरळ केला. खुशालभाऊंना वाटलं, इवायाच्या मनात भरला.

"छान आहे जी," खुशालभाऊ म्हणाले. मनात मात्र म्हणाले, इंजिनले वाघ कायले पाहिजे?

ते ऐकून नत्थूजींना वाटलं, इवायाले हाच पाहिजे. "तुमची पसंती म्हटल्यावर आता पाहाचं कामच नाई," ते म्हणाले.

"नाई नाई, पसंती तुमची."

"तुमचीच जी."

हे चालू असताना दुकानदारानं वाघ पिशवीत टाकला होता.

फिल्टर बसवतानाही तेच. नत्थूजींनी ट्रकखाली शिरून जुना फिल्टर खोलला आणि नवा बसवायचा मान इवायाला दिला. खुशालभाऊंनी आयुष्यात फिल्टर बसवला नव्हता, पण मान नाकारणं बरं दिसत नाही म्हणून तेही पाठीवर सरकत आत गेले आणि हाताला जोर लावून त्यांनी तो घट्ट पिळला. बाहेर आले तेव्हा नाकाला ऑइल लागलं होतं. नत्थूजींनी ते सांगितलं नाही. इवायाच्या नाकाबद्दल कसं बोलायचं?

दुपारी वांगी भरून ट्रक निघाला. जाम गावाच्या थोडं अलीकडे ऑइलचा लाल दिवा पेटला. नत्थूजी जुने ड्रायव्हर. एक क्षण न घालवता त्यांनी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. खाली वाकून पाहिलं तर फिल्टरच्या कडेनं ऑइलची धार लागली होती आणि वाघाचं तोंड काळं झालं होतं.

"चुकी मायी आहे," खुशालभाऊ म्हणाले.

"तुमची कशी? मायी," नत्थूजी म्हणाले.

"म्या घट्ट नसंन पिळला."

"पिळला जी तुम्ही. मस्त पिळला. मीच पाहाले पाहिजे होतं."

ऊन तापलेलं. ताडपत्रीखाली वांगी उकडत होती. बाजूनं मोठाले ट्रेलर हॉर्न देत जात होते. आणि हे दोघं चूक एकमेकांच्या हातातून ओढून घेत होते. तेवढ्यात रोशनीचा फोन आला. खुशालभाऊंनी फोन स्पीकरवर टाकला आणि काय झालं ते सांगितलं.

"तो फिल्टर पसंत कोनं केलता?" रोशनीनं विचारलं.

"इवायानं," दोघं एकदम म्हणाले.

मग दोघं एकमेकांकडे पाहायला लागले.

"म्या?" नत्थूजी म्हणाले. "अवो, मले तं त्या लाल डब्ब्याची पहिल्यापासून चीड आली!"

"मंग कुरवाळून काऊन राह्यलते त्याले?"

"नंबर पाहून राह्यलतो! चष्मा नोता!"

"तं सांगाचं ना तसं! म्या तुमचं मन राखाले छान म्हटलं."

"मायं मन राखाले आपल्या इंजिनाचं वाटोळं कराचं का?"

"आवाज वाढवू नोका, इवाई."

"वाढवीन! ट्रक माया बी आहे!"

फोनमधून बारीक आवाज आला, "भांडून झालं की सांगजा," आणि रोशनीनं फोन ठेवला.

भांडण काही लगेच संपलं नाही. सीटखालच्या पोत्यात पडलेला जुना फिल्टर घेऊन दोघं जामच्या चौकाकडे चालत निघाले, तेव्हाही चालूच होतं. लग्नातल्या घोड्यापासून नातवाच्या नावापर्यंत सगळं बाहेर निघालं. स्पेअर पार्टच्या दुकानापर्यंत पोचेपर्यंत दोघांचे घसे बसले होते आणि चेहरे, सांगायला हरकत नाही, बरेच टवटवीत दिसत होते.

दुकान सुलोचनाबाईंचं. त्यांनी दोघांना पाणी दिलं.

"भाऊभाऊ का?" त्यांनी विचारलं.

"इवाई," खुशालभाऊ म्हणाले.

"इवाई? आन असे भांडता?"

"आजपासून," नत्थूजी म्हणाले.

त्यांची नजर फळीवरच्या एका लांबलचक फिल्टरवर गेली. "तो द्या. मोठा आहे. जास्त कचरा धरंन."

"मोठा कायले?" खुशालभाऊ म्हणाले. "पोराचा शर्ट घेऊन राह्यलो का, पुढच्या वर्षी बी चालला पाहिजे म्हून?"

नत्थूजींना हसू आलं. पहिल्यांदाच इवायानं त्यांची अशी थट्टा केली होती. राग यायला हवा होता, पण तो रस्त्यातच खर्च झाला होता.

खुशालभाऊंनी खिशातला आपला चष्मा काढून इवायाच्या नाकावर चढवला. नत्थूजींनी जुन्या फिल्टरवरचा नंबर मोठ्यानं वाचला. सुलोचनाबाईंनी त्याच नंबरचा, कंपनीचं सील न फुटलेला खोका काढला. नत्थूजींनी आटे तपासले. खुशालभाऊंनी रबरी रिंगवर अंगठा दाबून पाहिला. ती मऊ होती. लाल फिल्टरची वाळल्या सालीसारखी होती, हे त्यांना आत्ता आठवलं. मग दोघांनी सील पुन्हा पाहिलं, खोक्याची मागची बाजू पाहिली, झाकण पाहिलं.

"नंबर जुळला, रबर नरम आहे, आटे साफ आहेत," सुलोचनाबाई म्हणाल्या. "आता काय कुंडली पाहाची आहे?"

ऑइलचा डबा आणि फिल्टर घेऊन दोघं ट्रककडे परतले. नत्थूजी खाली शिरले. लाल फिल्टर खोलला आणि ते फिल्टरच्या जागेवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवायला लागले.

"काय झालं जी?" खुशालभाऊंनी विचारलं.

"इथं एक रिंग पहिलेच चिपकून आहे. जुन्या फिल्टरची. रिंगवर रिंग बसली, तं ऑइल नाई गळंन तं काय होईन?" ते म्हणाले, "मले वाटलं, बसवाच्या आधी तुम्ही काढली असंन."

"मले वाटलं, खोलून देल्ला म्हंजे तुम्हीच काढली असंन."

म्हणजे वाघ अगदीच गुन्हेगार नव्हता. तरी त्याला परत बसवावा असं कोणालाच वाटलं नाही.

जुनी रिंग निघाली, जागा पुसून झाली, नव्या रिंगला बोटानं ऑइल लावून नत्थूजींनी फिल्टर बसवला. खुशालभाऊ बाहेरून बजावत होते, "हात फिरवून पाह्यला का? नाई, खरंच पाह्यला का?" नवं ऑइल भरलं, इंजिन सुरू झालं. लाल दिवा विझला. दोघं ट्रकखाली शेजारी शेजारी पालथे पडून एक थेंबही पडत नाही ना ते पाहत राहिले.

चंद्रपूरला पोचले तेव्हा दिवस मावळला होता. वांगी थोडी मलूल झाली होती, पण सकाळी उचलली गेली.

पुढच्या रविवारी नत्थूजी आंजीला जेवायला आले. खुशालभाऊंच्या बायकोनं, गोपिकाबाईंनी, नेहमीसारखी कारल्याची भाजी केली होती. त्यांनी पळी भरून वाढायला घेतली आणि नत्थूजींनी ताटावर हात आडवा धरला.

"इहीनबाई, रागावजा नका," ते म्हणाले. "मले कारलं बिलकुल आवडत नाई."

गोपिकाबाई पळी धरून उभ्याच राहिल्या. "अवो, पण तुम्ही तं दरवेळी मागून मागून घेता!"

"लवकर सरलं पाहिजे म्हून घेत होतो जी."

खुशालभाऊंना ठसका लागला. गोपिकाबाईंनी पळी त्यांच्या ताटात रिकामी केली, नत्थूजींना वरण वाढलं आणि म्हणाल्या, "आता बाकीचं बी सांगून टाका एकदाचं. मिठाचं कसं काय?"

नत्थूजींनी जरा विचार केला.

"मिठाचं बरोबर आहे," ते म्हणाले. "तिखट मात्र जास्त असते."