आत्याची जागा

मयताच्या उशाशी बसायचा मान कालोलाइनेचा होता. साटेकी तिचा धाकटा भाऊ, आणि टोंगा बेटांवर भावाच्या घरी बहिणीच्या वर कोणी नसतं. पाद्रीबुवाही नाही आणि गावचा मुखियाही नाही. तिला फाहू म्हणतात. ती म्हणेल ती पूर्व दिशा, तिने मागितलं ते द्यायचं, आणि तिने दिलेलं कोणी नाकारायचं नाही. शनिवारपासून ती बारीक विणीच्या चटयांच्या थप्पीवर बसून होती. येणारा प्रत्येक जण आधी तिच्यापुढे वाकत होता आणि मग रडत होता.

साटेकी पेटीत मावला नव्हता. सुताराने पेटीची बाजू काढून आणखी एक फळी ठोकली, तेव्हा कुठे झाकण बसलं. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंतचा पाय आणि शेवटी मूत्रपिंडं. शुगरने त्याला असा थोडाथोडा करून नेला. तरी लोक आपले म्हणत होते, "काय भरलेला गडी होता! बघत राहावं असा!" कालोलाइने मनात म्हणाली, अरे, डोळे फुटलेत का तुमचे?

पण तिची नजर भावावर नव्हती. ती खिडकीतून परसात लागली होती. तिथे साटेकीचा एकुलता एक मुलगा फेलेती जमिनीतल्या भट्टीवर दगड रचत उभा होता. अंगाला सुतकात गुंडाळतात ती पोत्यासारखी फाटकी चटई, पायात रबरी चप्पल आणि डाव्या पावलाला गुंडाळलेली चिंधी. बाप गेला की मुलगा सगळ्यांत खालचा होतो. त्याने घरात यायचं नाही, बसायचं नाही. मातीला आलेल्यांना रांधून घालायचं, दहा दिवस. रीत म्हणजे रीत.

चिंधीखाली काय होतं ते तिला ठाऊक होतं. तो लाकडं घेऊन खिडकीजवळून गेला की वास यायचा. तीन वर्षांपूर्वी साटेकीच्या पायाला हाच वास होता. नर्सबाई घरी येऊन सांगून गेली होती, "मंगळवारच्या बोटीने याला मोठ्या बेटावर पाठवा. इथे ठेवाल तर पाऊल जाईल." फेलेती म्हणाला होता, "बाबांचं उरकू दे आधी." चौतिशीचा गडी, दोन लेकरांचा बाप, आणि अक्कल कवडीची नाही. तिला रडू यायचं आणि रागही यायचा.

राग नुसता त्याच्यावर नव्हता. तो लहान असताना मेजवानीत तिच्यापुढे सगळ्यांत चांगला वाटा यायचा, आणि त्यातला चरबीचा तुकडा ती काढून ठेवायची तो याच्यासाठी. "ये रे माझ्या सोन्या, आ कर." तो आ करायचा. आत्याने दिलेलं नाकारायचं कसं?

सोमवारी माती होती. रविवारी संध्याकाळी कालोलाइनेने भावजयीला जवळ बोलावलं.

"लेसिएली, उद्या खोक्यातलं मांस आणायचं नाही. ती मेंढीची चरबी नको, डब्यातलं बीफ नको, गोड पाणी नको. मासा, अळकुड्या आणि साधं पाणी. तेवढंच."

लेसिएलीने तोंडावर हात ठेवला. "वन्सं, असं काय करता हो? लोक तोंडात शेण घालतील माझ्या! नवऱ्याला पुरलं आणि पोटभर घातलंसुद्धा नाही म्हणतील."

"म्हणू देत. कमी रांधलं की भट्टी दुपारीच विझेल, पुढचे दिवस रांधायला काही उरणार नाही आणि पोरगा मंगळवारची बोट गाठेल. तुला त्याचं पाऊल हवंय की लोकांची वाहवा?"

लेसिएली उठून माशांचं सांगायला गेली. नाही म्हणायची सोयच नव्हती.

खरं सांगायचं तर कालोलाइनेच्या मनात आणखीही काही होतं. तिला वाटलं, एकदा कोणीतरी करून दाखवायला हवं. गावात काय कमी झालं होतं? सरकारने वजनाची स्पर्धा लावली, मुखियाने रोज सकाळी सगळ्यांना समुद्राकाठी चालायला लावलं, आणि बक्षीस मिळालं म्हणून त्याच संध्याकाळी सहा डुकरं भाजली. पाद्रीबुवांनी वेदीवरून सांगितलं की शरीर हे देवाचं घर आहे. त्या रविवारी त्यांना जेवण पोचवायची पाळी असलेल्या घराने नेहमीच्या दुप्पट पाठवलं, कारण प्रवचन फार आवडलं होतं. हसावं की रडावं? घरोघरी एक कुबडी टेकलेली. कोणाचं मन वाईट नाही, कोणी कोणाचं वाईट चिंतत नाही, आणि तरी सगळे मिळून एकमेकांना मारतायत. फाहूचा शब्द मोडत नाहीत ना? मग तोच वापरू, असं तिने ठरवलं.

सोमवारी माती झाली. लोक परतले, चटयांवर बसले, समोर मासा आणि अळकुड्या आल्या. जेवले, वाकले, निघाले. फाटकाबाहेर जरा कुजबुज झाली तेवढीच. दुपार कलायच्या आत भट्टी विझली आणि फेलेती कधी नव्हे तो नारळाच्या बुंध्याशी टेकला. कालोलाइनेने डोळे मिटले. जमलं, असं तिला वाटलं.

मंगळवारी उजाडताच फाटकापाशी गाड्यांचा आवाज झाला.

सगळ्यांत पुढे शेजारची वाइमोआना होती. मायेची बाई. साटेकीच्या आजारपणात हिने रात्री जागवल्या होत्या. ती आली ती गुडघ्यांवर सरकतच आली आणि हुंदके देत म्हणाली, "ताई, एवढी अडचण होती तर एका शब्दाने कळवायचं नाही का? आम्ही काय मेलो होतो? साटेकीची माती आणि नुसता मासा! मला घास उतरला नाही हो. मी घरोघर फिरले."

आणि माणसं खोकी उतरवू लागली. मेंढीच्या मांसाची खोकी, खारवलेल्या बीफच्या बादल्या, भाजायला बांधलेली डुकरं, गोड पाण्याच्या बाटल्या. अंगण भरलं. साटेकीने आयुष्यभर कोणाला उपाशी जाऊ दिलं नव्हतं, त्याची परतफेड गाव करत होतं. जवळ काही नसलेल्या म्हातारीनेसुद्धा कवटाळून दोन डबे आणले होते. सगळं तिच्या पुढ्यात ठेवलं गेलं, कारण आलेलं सगळं फाहूचं. पाद्रीबुवांनी या प्रेमाबद्दल देवाचे आभार मानले. ते बोलता बोलता गहिवरले.

कालोलाइनेने त्या खोक्यांकडे पाहिलं. म्हणायचं तरी काय? आम्हाला अडचण नव्हती, तुमचं खाणं विष आहे? त्या म्हातारीच्या तोंडावर म्हणायचं? तिने मान लववली. "फार केलंत," एवढंच म्हणाली.

लेसिएलीच्या चेहऱ्यावर दोन दिवसांनी तजेला आला. आणि परसात फेलेतीने काठी टेकून उठत पुन्हा दगड तापवायला घेतले. आलेलं अन्न सडू द्यायचं नसतं. आणणाऱ्यांना त्यातलंच रांधून वाढायचं असतं, आणि वाढायचं म्हणजे भरपूर.

दुपारी धक्क्यावरून बोटीचा भोंगा ऐकू आला. कालोलाइने चटयांवरच बसून होती. फेलेतीला दोनदा निरोप पाठवला, "जा म्हणावं." निरोप घेऊन गेलेला परत आला. "तो म्हणतो, आत्याचा शब्द डोक्यावर. पण माझ्या जागी उभं कोण राहील, तेवढं सांगा."

बोट गेली. पुढची शुक्रवारी होती.

गुरुवारी फेलेतीला ताप भरला. शुक्रवारी सकाळी भट्टीवरची पानं काढताना तो झोकांडला आणि तापलेल्या दगडावर पडतापडता वाचला. पुन्हा उभा राहिला. दात वाजत होते आणि तरी हातात फावडं होतं. आत बायका गात होत्या आणि पानांत बांधलेलं मांस आत येत होतं.

खिडकीतून हे पाहताना तिच्या मनात लख्ख झालं. माझ्या जागी कोण, असं पोराने विचारलं होतं. उत्तर किती सोपं होतं! साटेकीच्या रक्ताचं, त्या भट्टीपाशी उभं राहू शकेल असं आणखी एक माणूस या घरात होतं. ते सगळ्यांत उंच चटईवर मांडी घालून बसलं होतं.

ती उठली. गाणं थांबलं. तिने कमरेची जुनी, किमती चटई सोडली, घडी करून लेसिएलीच्या मांडीवर ठेवली आणि मागच्या दाराने बाहेर पडली.

"वन्सं! अहो वन्सं, कुठे?"

फेलेतीने तिला येताना पाहिलं तसा तो खाली बसायला गेला. फाहूसमोर उभं राहायचं नसतं. तिने त्याला दंडाला धरलं.

"काढ ती फाटकी चटई."

"आत्या, काय करताय? इथे नका येऊ. लोक बघतायत."

"बघू देत. काढ म्हणते ना. मी घालते. फावडं दे इकडे."

"तुम्ही रांधणार? आत्या, मला नरकात पण जागा नाही मिळायची!"

"तुला आज बोटीत जागा मिळाली तरी पुष्कळ आहे. मूर्खा, माझ्या भावाचा पाय मी चटईवर बसून घालवला. तुझा घालवणार नाही. जा!"

तो तिच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडला. एवढा मोठा बाप्या, पण मूल होऊन रडला. आत्याच्या अंगाला हात लावायचा नसतो, हे दोघांनाही आठवलं नाही. दोन माणसांनी त्याला गाडीत घालून धक्क्यावर नेलं.

मग ती रांधू लागली. धुराने डोळे गळत होते, गुडघे बोलत होते. आत पानं वाढली गेली, पण कोणी हात लावेना. फाहूच्या हातचं आपण कसं खायचं? सगळे खाली मान घालून बसले. अन्न निवत गेलं. तिच्या मनात आशा आली, आता तरी उठतील, जातील. पण पोरं रडायला लागली, कोणीतरी त्यांना भरवलं, मग एकाने घास घेतला, मग दुसऱ्याने. सगळं खाल्लं त्यांनी. तिनेच रांधलेली ती मेंढीची चरबी बोटं चाटून खाल्ली, आणि उरलेली पानात बांधून घरी नेली. दहावा उलटेपर्यंत तिने भट्टी राखली.

महिन्याने फेलेती परतला. दोन माणसांनी उचलून आणला. डावा पाय नडगीच्या मध्यावर संपत होता.

"मंगळवारी गेलो असतो तर वाचलं असतं पाऊल, डॉक्टर म्हणाले," त्याने सांगितलं. आवाजात ठपका नव्हता. "शुक्रवारी गेलो म्हणून जीव तरी वाचला, असंही म्हणाले, आत्या."

तिने त्या बांधलेल्या पायावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. मंगळवार ते शुक्रवार. तेवढं अंतर तिने बसून काढलं होतं. कोणी तिला बोल लावला नाही, आणि तेच तिला सोसवेना.

ओसरीवर सकाळपासून थाळ्या येऊन पडत होत्या. पोरगा घरी आला, आनंद नको का करायला? तेच मांस, तेच डबे. लेसिएली त्या नीट लावत होती आणि नणंदेची नजर चुकवत होती.

संध्याकाळी कालोलाइनेला फाटकापाशी कोणीतरी दिसलं. वाइमोआना होती. आत येत नव्हती, परतही जात नव्हती. दोन्ही हात पोटाशी घट्ट धरले होते. त्या हातांत थाळी नव्हती, डबा नव्हता, साधं शहाळंही नव्हतं. आजाऱ्याच्या घरी असं येणं म्हणजे नागवं येण्यासारखंच. रस्त्याने जाणारे वळून बघत होते आणि तिचा चेहरा शरमेने जळत होता.

"ताई," ती तिथूनच म्हणाली, "मी घरून तीनदा निघाले. तीनदा काहीतरी उचललं आणि परत ठेवलं. मंगळवारच्या त्या गाड्या मीच आणल्या होत्या ना. आता अशी मोकळ्या हाताने आत कशी येऊ?"

कालोलाइने उठली, पायऱ्या उतरली आणि फाटकापर्यंत चालत गेली. तिने वाइमोआनाचे ते दोन्ही रिकामे हात आपल्या हातांत घेतले.

"अशीच ये," ती म्हणाली, "तो वाट बघतोय."