पॉइंट पस्तीसची चूक

"विद्यार्थ्यांशी अभ्यासापुरतंच बोला," काम देताना क्लासच्या बाईंनी मला बजावलं होतं. "घरचं विचारायला गेलात की ते तुमच्याच घरात येऊन बसतं." मी हसून सोडून दिलं. घरबसल्या रसायनशास्त्राच्या शंका सोडवायच्या, विद्यार्थी दिसत नाहीत, नावं कळत नाहीत, नुसते क्रमांक. त्यात घरचं कुठून येणार? आणि माझ्या घरात तेव्हा होतं तरी कोण? पाळणा, वाळत घातलेली दुपटी आणि मी.

नवरा सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. दिवसभर माझ्याशी बोलायचे ते हे क्रमांकच. त्यातल्या एकीला मी मनातल्या मनात पोटॅशियम म्हणू लागले, कारण रोज दुपारी ती तोच अणू घेऊन यायची.

गणित तसं सरळ आहे. पोटॅशियमच्या केंद्रकात एकोणीस प्रोटॉन असतात. ते सगळ्यात बाहेरच्या इलेक्ट्रॉनला ओढतात, पण मधले इलेक्ट्रॉन आडवे येऊन ती ओढ अडवतात. किती अडवतात, याचा ठरलेला ठोकताळा आहे. लगतच्या आतल्या कवचातले आठ जण प्रत्येकी पॉइंट पंच्याऐंशी, त्याहून आतले दहा जण प्रत्येकी पूर्ण एक. बेरीज सोळा पॉइंट आठ. ती एकोणिसातून वजा केली की बाहेरच्याला खरोखर जाणवणारी ओढ उरते, दोन पॉइंट दोन. त्याच्या कवचात आणखी सोबती असते तर त्यांचे प्रत्येकी पॉइंट पस्तीस धरायचे. पण इथे सोबती नाहीच, तो एकटा. माझी पोटॅशियम मात्र ते पॉइंट पस्तीस दर वेळी धरायची आणि उत्तर एक पॉइंट पंच्याऐंशी काढायची.

"हे कुणाचे धरलेस?" मी लिहून विचारलं.

"त्याचेच. तो आहे ना तिथे."

"अगं, स्वतः स्वतःच्याच आड कसा येईल?"

"येतो की, मॅडम. मला विचारा."

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, म्हणून लक्षात राहिलं.

ती वहीच्या पानाचा फोटो पाठवायची. पानापेक्षा मी त्याच्या कडेचंच जास्त बघू लागले. बाळ झाल्यापासून मला ती खोडच लागली आहे. श्वास चालू आहे ना, खिडकीची कडी लागली आहे ना. तिच्या पानाशेजारी दुधाची बाटली असायची आणि साय धरलेला चहा. बाटली रिकामी, कप भरलेला. एकदा न राहवून मी लिहिलं, "आधी तो चहा पी."

"गार झाला. सासूबाई म्हणतात, बाळ झोपलं की तूही झोप. मी डोळे मिटते, आणि मग हे गणित आठवतं."

"परीक्षा कधी आहे तुझी?"

"बाळ लहान म्हणून घरचे यंदा बसू देत नाहीयेत. तरी सोडवते. आपलं चुकतंय एवढं तर मला दिवसभर वाटतच असतं. नेमकं कुठे चुकतंय, ते फक्त तुम्ही सांगता."

मी उत्तर लिहायला घेतलं. तेवढ्यात आमचं बाळ उठलं आणि लिहायचं राहूनच गेलं.

पुढे एका दुपारी अचूक उत्तर आलं. दोन पॉइंट दोन. पॉइंट पस्तीसचा मागमूस नाही. मी खूश होऊन बरोबरची खूण केली आणि मग नजर फोटोच्या कडेला गेली. टेबल लख्ख पुसलेलं. कप नाही, बाटली नाही. उत्तराखाली एक ओळ होती, "जमलं, मॅडम. आता तुम्हाला त्रास देणार नाही."

ती ओळ मला निरोपासारखी वाटली. "त्रास कसला? उद्या मॅग्नेशियम घेऊ," मी लिहिलं. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शेवटी बाळाला कडेवर घेऊन मी क्लासच्या बाईंना फोन लावला.

"अहो, विद्यार्थिनीचं उत्तर बरोबर आलं म्हणून घाबरलेल्या तुम्ही पहिल्याच," त्या म्हणाल्या.

"तिच्या घरी फोन करा. आत्ता."

"ते नियमात बसत नाही."

"मग मला काढून टाका. पण फोन करा."

त्यांनी केला. बाई मनाने वाईट नाहीत. थोड्या वेळाने त्यांनीच मला फोन केला. "नवऱ्याने उचलला. ती बरी आहे म्हणाला, झोपली आहे. झालं समाधान?"

नाही झालं. कारण माझा नवराही माझ्या आईला फोनवर हेच सांगायचा, आणि त्याला खरंच तसं वाटायचं. मी तेव्हा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून टक्क जागी असायचे. तो खोटं बोलत नव्हता. त्याने आत डोकावून पाहिलं नव्हतं, एवढंच.

बाईंनी पुन्हा फोन करायचं कबूल केलंय, आणि या वेळी तिलाच बोलायला बोलवा, असं मी निक्षून सांगितलंय. पण मला तिचा पत्ता माहीत नाही, चेहरा माहीत नाही. ती तुमच्या वरच्या मजल्यावर राहत असेल, तुमची भावजय असेल. ओळखीत कुणाकडे बाळ झालं असेल, तर आज जाऊन या. बाळाचं कौतुक नंतर करा, आधी तिच्याजवळ बसा. दारातच कुणी सांगितलं की ती बरी आहे, झोपली आहे, तर परत फिरू नका. ती उठेपर्यंत बसते म्हणा.