शनिवारची वायर

आमच्या लॅबमध्ये दर शनिवारी, भर कामात, आमची ही कॉम्प्युटरची वायर भिंतीतून ओढायची. रीतसर बंद करून नव्हे. रिपोर्ट अर्धा टाइप झालेला असायचा आणि ही टेबलाखाली वाकून खसकन वायर ओढायची. मग परत लावायची आणि कमरेवर हात ठेवून बघत उभी राहायची. कॉम्प्युटरचा डबा परत उठला, अर्धा रिपोर्ट जिथल्या तिथे दिसला, की म्हणायची, "शहाणं बाळ ते," आणि कामाला लागायची.

त्याला कारण होतं. आधी आम्ही दोघं दुसऱ्याच्या लॅबमध्ये नोकरीला होतो. तिथल्या कॉम्प्युटरवर कोणीतरी चोरून, फुकटात आणून घातलेली सिस्टीम होती. एके दिवशी त्यात व्हायरस शिरला आणि सगळे रिपोर्ट गेले. लोकांना परत बोलावून परत रक्त घ्यावं लागलं. रक्त मी काढत असे. त्यात एक एवढीशी मुलगी होती, तिची शीर काही केल्या सापडेना. ती रडली, तिची आई रडली, आणि आत मशीनपाशी ही रडली.

स्वतःची लॅब काढली तेव्हा हिनं दोन डबे टेबलावर शेजारी शेजारी मांडले. एकावर सगळे वापरतात ती सिस्टीम, दुसऱ्यावर लिनक्स नावाची वेगळी. दोन्हींच्या वायरी ओढत बसली.

मी म्हटलं, "मुलगी बघायला आल्यासारखं काय चाललंय?"

"तुम्ही मला एकदाच बघितलंत आणि फसलात. मी चांगलं दहादा बघणार."

लिनक्सचा डबा दर वेळी उठला. दुसराही बहुतेक वेळा उठला. हिला 'बहुतेक' नको होतं.

ती गेली त्याला आता वर्ष होत आलं. मध्यंतरी आसपासच्या दवाखान्यांनी एका कंपनीची नवी सिस्टीम घेतली. लॅबनंही तीच घ्यावी, नाहीतर तपासायला नमुने पाठवणार नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून एका शनिवारी मुलगी आणि जावई कंपनीच्या माणसाला घेऊनच आले. त्यानं आपला चकचकीत कॉम्प्युटर आमच्या डब्याशेजारी मांडला. पुन्हा दोन डबे शेजारी शेजारी, हिनं मांडले होते तसेच.

"काका, यात सगळे रिपोर्ट आमच्याकडे राहतात," तो म्हणाला. "तुम्हाला काही सांभाळायलाच नको."

"तुमच्याकडे म्हणजे कोणाकडे?"

"कंपनीच्या कॉम्प्युटरवर."

"मग ते कंपनीच्या लोकांना दिसतात?"

"दिसू शकतात. पण कोणी बघत नाही."

"आमच्या पूर्वीच्या शेजारीणबाई पण कधी ऐकायच्या नाहीत हो. नुसत्या भिंतीला कान टेकून उभ्या असायच्या."

जावयाला हसू आलं. ते त्यानं खोकल्यात लपवलं.

मी कंपनीच्या माणसाच्या कॉम्प्युटरची इंटरनेटची वायर काढली. पडद्यावर एक चक्र गरगरायला लागलं. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहिलो.

"नेट आलं की चालेल," तो म्हणाला.

"आणि तोवर पेशंटनं काय करायचं? त्यानंही गरगरायचं?"

"बाबा, पुरे," मुलगी म्हणाली. "त्यांच्या वायरी ओढताय, तुमच्या डब्याचं काय? आई गेल्यापासून तुम्ही तो एकदा तरी बंद केलाय?"

केला नव्हता. वीज गेली तर इन्व्हर्टरवर चालू ठेवायचो आणि देव पाण्यात घालून बसायचो.

"बघितलंत?" ती जरा हळू आवाजात म्हणाली. "तुम्हाला भीती वाटते तो उठणार नाही म्हणून. ही काय खात्री झाली? आईची आठवण म्हणून ठेवायचा असेल तर घरी न्या, फुलं वाहा. पण लोकांचं रक्त त्याच्या भरवशावर नको."

बोलली ती हुबेहूब आईसारखी. आणि खरं बोलली.

"बरं," मी म्हटलं. "नाही उठला तर तुमचा घेतो. शब्द दिला."

आत मशीनवर नमुने तपासणं चालू होतं, आकडे डब्यात येत होते. मी टेबलाखाली वाकलो. गुडघे कुरकुरले. वायर हातात धरली आणि हात आखडला. माणूस उठत नाही हे मी बघितलं होतं. आता आणखी एक न उठलेलं बघायचं होतं का? पण ती असती तर म्हणाली असती, "अहो, ओढा की. आरती ओवाळताय का?"

ओढली. पडदा काळा झाला. वायर परत लावली आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. पांढरी अक्षरं भराभर वर सरकू लागली, मग थांबली. थांबूनच राहिली.

"झालं वाटतं," कंपनीचा माणूस म्हणाला.

"तपासतोय तो स्वतःला. तुम्ही कधी तपासता का?"

अक्षरं पुन्हा हलली आणि पासवर्डची चौकट आली. त्याशिवाय आतलं काहीच उघडत नाही. चोरानं डबाच उचलून नेला तरी त्याला एकाही पेशंटचं नाव दिसता कामा नये, असं हिचं म्हणणं होतं.

"तोंडं फिरवा," मी म्हटलं.

"मीसुद्धा?" जावयानं विचारलं.

"जावईबापू, तुम्ही आधी."

तिघं भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, शाळेत शिक्षा झाल्यासारखी. मी पासवर्ड टाकला. रिपोर्ट उघडला. शेवटचा आकडा जिथल्या तिथे होता.

"शहाणं बाळ ते," मी म्हटलं.

मुलगी वळली. पडदा बघितला, मला बघितलं.

"आणि दवाखाने?" कंपनीचा माणूस भिंतीकडे बघतच म्हणाला. "ते नमुने पाठवणार नाहीत."

"नाही पाठवले तर पेशंट चालत येतील. आम्ही लॅब काढली तेव्हाही कोणी पाठवत नव्हतं. हा डबा इथून हलणार नाही."

"पण बाबा, पासवर्ड एकट्या तुम्हालाच माहीत," मुलगी म्हणाली. "पासवर्ड दोघांना माहीत हवा, असा आईचा नियम होता ना? उद्या तुम्हाला काही झालं तर?"

मी तिला जवळ ओढलं आणि कानात सांगितला. ती आधी फिस्सकन हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "आईच ती."

"पुढच्या शनिवारी वायर तू ओढायची."

"आता वळू का?" कंपनीच्या माणसानं विचारलं.

"नाही," आम्ही दोघं म्हणालो.