लाल फुली

विज्ञानाच्या सरांना भाषेच्या बाईंचा भारी संशय. सरांची एकुलती एक लेक, वर्गात पहिली येणारी, शाळा सुटली की रोज अर्धा तास त्या बाईंच्या खोलीत जाऊन बसायची. पाणी कुठेतरी मुरत होतं. शाखा निवडायचा अर्ज शनिवारी द्यायचा होता आणि पोरीने नेमका शाखेचाच रकाना कोरा ठेवला होता!

"काय चालतं गं तिथे?" सरांनी जेवताना विचारलं.

"काही नाही, बाबा. लिहिते जरा."

"कविता?"

"नाही हो!"

हे 'नाही हो' जरा जास्तच पटकन आलं. बाईंनी पोरीला फूस लावली, यात सरांना तिळमात्र शंका उरली नाही. शिक्षकांच्या खोलीत बाई हसून बोलल्या, तर सर मनात म्हणत, हसा, हसा, दुसऱ्याची पोरगी पळवा आणि वर हसा.

शुक्रवारी बाई वर्गावर गेल्या तशी सरांनी त्यांच्या टेबलावरच्या गठ्ठ्यातून लेकीची वही उपसली. वीस वर्षं कॉप्या पकडणारा माणूस, पण आज चोरासारखा दाराकडे बघत होता.

कविता नव्हतीच. लिहिलं होतं: "लंबकाचा प्रयोग मी तीनदा केला. गुरुत्वाकर्षणाचं उत्तर नऊ पूर्णांक दोन दशांश आलं. पुस्तकात नऊ पूर्णांक आठ दशांश आहे. वेगळं आलं की बाबा लाल फुली मारतात. म्हणून मी आधी पुस्तकातलं उत्तर लिहिते आणि मग त्यात बसतील असे आकडे मांडते. सगळा वर्ग हेच करतो. पण माझं वेगळं का आलं? ते कुणी सांगणारच नसेल, तर विज्ञान घेऊन करू काय?"

खाली बाईंचा शेरा: "मला यातलं ओ की ठो कळत नाही. बाबांना विचार. हे तिसऱ्यांदा सांगतेय."

सरांचे कान तापले. पोरीने दोरी गोळ्याच्या हुकापर्यंतच मोजली असणार. मोजायची असते गोळ्याच्या मध्यापर्यंत. एका वाक्याचं काम होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

शाळा सुटल्यावर त्यांनी लेकीला प्रयोगशाळेत बोलावलं. गोळा आणि दोरी टेबलावर काढून ठेवली होती.

"लंबकाचं तुझं उत्तर किती आलं होतं गं?"

महिनाभर सर बाईंकडे ज्या नजरेने बघत होते, त्याच नजरेने लेकीने त्यांच्याकडे बघितलं.

"कुठलं सांगू, बाबा?" ती जपून म्हणाली. "आलेलं, की तुम्हाला चालणारं?"