एकदाच वाजणारी फीत

मी फीत बोलतेय. माप घ्यायची नव्हे आणि वेणीला बांधायची तर मुळीच नव्हे. मी गाणी धरून ठेवणारी फीत. अर्ध्या बोटाएवढी रुंद, तपकिरी, धातूच्या रिळावर गुंडाळलेली. हल्ली गाणी खिशातल्या फोनमध्ये राहतात, त्यामुळे मला पाहिलं की तरुण मंडळी आधी हसतात आणि मग विचारतात, "हे काय असतं?" मला राग येतो, पण सांगते.

प्लास्टिकच्या लांबच लांब पट्टीवर गंजासारखी बारीक पूड चिकट थरानं बसवली, की झाले मी. आवाज राहतो तो त्या पुडीत. पूड झडली की आवाजही गेला. माझ्या पुडीत एका बाईचा आवाज आहे आणि तो जगात दुसरीकडे कुठंही नाही.

ती तेव्हा बाई नव्हती, मुलगीच होती. केस स्वतःच कात्रीनं कापलेले आणि बोलणं त्याच कात्रीसारखं. ती गायची आणि गिटार वाजवायची. तिच्या बाजूला बास गिटार वाजवणारा एक उंच, अबोल गडी असायचा. वाजवताना तो जागचा हलायचा नाही, म्हणून सगळे त्याला खांब म्हणत. मागे ड्रमवाला होता, तो पुढे परदेशी गेला आणि तिकडचाच झाला. मोठ्या कंपनीच्या दारात न जाता आपलं आपण वाजवायचं, असा तो काळ होता. इंडी म्हणा, अल्टरनेटिव्ह म्हणा, ते मात्र नुसतं "आपलं" म्हणायचे.

गालिच्यांच्या एका रिकाम्या गोदामात त्यांनी माझ्यावर अल्बम भरला. भिंतींना गाद्या उभ्या केल्या होत्या. गिटार अशी की आधी खरवडत जायची आणि मग अचानक मऊ व्हायची. आणि तिचा आवाज! गोड म्हणता येणार नाही त्याला. थोडा फाटका, थोडा रागावलेला, आणि मध्येच असा उघडा पडायचा की यंत्रापाशी बसलेला माणूस पेन खाली ठेवायचा. मी त्या आधी आणि नंतर दुसरं काही धरलेलं नाही, तरी सांगते, तो अल्बम ऐकण्यासारखा होता.

काम संपल्यावर यंत्रवाला म्हणाला, "एक प्रत काढून ठेवू. हिला काही झालं तर पंचाईत होईल."

"नको," ती म्हणाली. "प्रत काढली की गाण्यामागची सळसळ वाढते, धार जाते. जे आहे ते हेच."

खांबानं मान हलवली. ड्रमवाल्यानंही हलवली. तत्त्वाचा प्रश्न होता ना! प्रतीत थोडी सळसळ वाढते हे खरंच आहे. पण प्रतच नसली तर काय होतं, हा विचार त्या वयात कुणाच्या डोक्यात येणार? मलाही तेव्हा ते ऐकून अभिमान वाटला होता.

मग एका कंपनीचे साहेब आले. गाणी त्यांना आवडली. "फक्त गिटार जरा खाली आणू आणि आवाज गोड करू," म्हणाले.

"गोड हवं असेल तर चहात साखर घाला," ती म्हणाली, मला काखेत मारलं आणि चालू लागली. अल्बम निघाला नाही तो नाहीच.

त्यानंतर तिचं लग्न झालं, मुलगी झाली. मुलगी नुकती चालायला लागली असेल, तेव्हा आईच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठ काढली आणि तिच्याबरोबर स्वरयंत्रही काढावं लागलं. जीव वाचला. आता तिच्या गळ्यात एक छोटं भोक आहे. त्यावर बोट दाबलं की खरखरीत, एकसुरी शब्द बाहेर येतात. ती घरी आली आणि तिनं मला कपाटाच्या माथ्यावर, रजयांच्या मागे ढकललं. तिचा राग मी समजू शकते. पण भिंतीला ओल होती हो. माझ्या अंगातला चिकट थर हवेतली ओल पितो आणि फुगतो, हे तिला ठाऊक नव्हतं. वर्षानुवर्षं मी तिथं पडून आतल्या आत चिकट होत गेले.

मुलगी मोठी झाली. तिनं रेकॉर्डचं छोटं दुकान काढलं. रक्त बोलतं म्हणतात ते असं. लोकांना माहीत नसलेले बँड, दोन-चारशे माणसांनी ऐकलेले अल्बम, ती आल्यागेल्याच्या गळ्यात मारते. "हा घरी न्या, तीनदा ऐका, नाही आवडला तर परत आणा," असं तिचं बोलणं. खांब आता शाळेची बस चालवतो आणि सुट्टीच्या दिवशी तिच्या दुकानात बसून चहा पितो. असाच एकदा कुणी गिऱ्हाइकानं त्याला विचारलं, तुम्ही ऐकलेला सगळ्यात चांगला अल्बम कोणता? खांब म्हणाला, "जो निघालाच नाही तो." आणि मग जीभ चावली. हे मी नंतर त्याच्याच तोंडून ऐकलं.

मुलीनं त्याला सोडलं नाही. शेवटी एक दिवस रजया बाजूला झाल्या आणि एक हात माझ्यापर्यंत पोचला. आईला न विचारता तिनं मला पिशवीत घातलं आणि थेट खांबाच्या घरी नेलं. त्याच्याकडे जुनं टेप यंत्र होतं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की लावू नका, मी बरी नाहीये. पण मला स्वतःचा आवाज कुठला?

त्यानं मला लावलं. पहिल्या गाण्याची गिटार जेमतेम उमटली आणि मी किंचाळायला लागले. चिकटलेली फीत यंत्रावरून ओढली जाताना जो आवाज करते, तो ऐकून खांबाचा चेहरा पांढरा पडला. त्यानं झटकन बटण बंद केलं. यंत्रावर तपकिरी पूड साचली होती. पहिल्या गाण्याची सुरुवात त्या पुडीबरोबर गेली ती कायमची.

"माझ्या हातून घाण झाली," तो म्हणाला आणि पलंगावर बसला. मुलीनं ती पूड बोटावर घेतली आणि कितीतरी वेळ बघत राहिली.

तिथून मला एका बाईंच्या कार्यशाळेत नेलं. त्या जुनी यंत्रं दुरुस्त करतात आणि आजारी फितींवर इलाज करतात. बोलणं तोडून, हात मात्र हळुवार. त्यांनी मला नाकाजवळ नेऊन वास घेतला.

"ओल प्यायली आहे. मंद आचेवर सुकवावी लागेल."

"भाजणार?" मुलगी घाबरून म्हणाली.

"फळं सुकवायचं यंत्र आहे माझ्याकडे, त्यात. त्यानं थोडे दिवस बरी होते. पण हिची अवस्था फार वाईट आहे. एकदा वाजेल असं धरून चाला. वाजत असताना मी ती कॉम्प्युटरवर उतरवून घेईन. मध्ये काही झालं तर तेवढं गेलं." मग त्यांनी विचारलं, "आवाज कुणाचा आहे हा?"

"आईचा."

"त्यांना विचारलंय?"

मुलीनं मान खाली घातली.

"मग मी सुकवते तोवर विचारून या. माझ्याकडून परस्पर होणार नाही."

मला त्या यंत्रात ठेवलं. आत ऊब होती, पंखा गुणगुणत होता आणि माझ्या अंगातली ओल हळूहळू निघत होती. खरं तर आराम वाटायला हवा होता. पण माझं सगळं लक्ष दाराकडे. ती नाही म्हणाली तर मला पुन्हा रजयांमागे जावं लागणार होतं. हो म्हणाली तर एकदाच वाजायचं होतं, आणि तेही जमेल की नाही याची मला खात्री नव्हती.

झाकण उघडलं तेव्हा समोर ती उभी होती. केस पिकलेले, पण अजून स्वतःच कापलेले. मागे मुलगी, आणि दारात खांब. तो आत यायला धजत नव्हता. तिनं माझ्या रिळावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताचं बोट गळ्यावर दाबलं.

"माझी आहे ही."

"हो," बाई म्हणाल्या.

"गेलेला आवाज उकरून काय मिळणार?" हे मुलीला होतं.

मुलगी मागून पुढे आली. मग म्हणाली, "आई, मला तुझा आवाज आठवत नाही. लोक विचारतात, तेव्हा मी सांगते की थोडाथोडा आठवतो. खोटं सांगते गं मी."

माझ्या रिळावरचा हात घट्ट झाला. मला वाटलं आता ती मला उचलणार आणि पुन्हा काखेत मारून चालू लागणार. तिनं खुर्ची ओढली आणि बसली.

"लावा," ती म्हणाली. "आणि खांबा, आत ये. दारात उभा राहून काय पहारा देतोस?"

बाईंनी मला यंत्रावर चढवलं. चाकं फिरली. पहिलं गाणं सुरुवातीला तुटकंच होतं, मग मोकळं झालं. आणि मग तिचा आवाज आला. मुलगी भिंतीला टेकून उभी होती, ती तशीच खाली बसली. आई समोर बघत होती. खांबाची बोटं स्वतःच्या मांडीवर वाजत होती, त्याला ते कळतही नव्हतं. गाण्यामागून गाणं जात होतं आणि बाईंची नजर माझ्यावरून ढळत नव्हती.

शेवटच्या गाण्यात मला जाणवलं की पुन्हा चिकटतेय. आधी बारीक कुरकुर, मग तीच किंचाळी. यंत्राच्या डोक्यावर, म्हणजे फितीतला आवाज वाचणाऱ्या भागावर, माझी पूड साचत होती.

"थांबवून पुसायला हवं," बाई म्हणाल्या, "पण जिथं थांबवू तिथली पूड उचटून निघेल. तिथला आवाजही जाईल."

"मग करायचं काय?" खांब उठून उभा राहिला.

आईनं हात वर केला. बोट गळ्यावर दाबून म्हणाली, "पुढे सगळे थांबतात. शेवटच्या कडव्याआधी. कुणीच काही वाजवत नाही तिथं." मग बाईंकडे बघून, "मी हात खाली केला की."

बाईंनी फडकं उचललं. मी ओढत होते, कण्हत होते, एकेका सुरासरशी अंगातलं थोडं थोडं सांडत होते. आईचा हात हवेत होता. मुलगी त्या हाताकडे बघत होती. इतक्या वर्षांत आईनं ते गाणं कुणापुढं म्हटलं नव्हतं, तिला म्हणता येतच नव्हतं. ती जागा तिला आठवते आहे की नाही, हे आता एका क्षणात कळणार होतं.

हात खाली आला.

गिटार, ड्रम, आवाज, सगळं एकदम थांबलं होतं. बाईंनी बटण दाबलं, मला अलगद बाजूला सारलं, डोकं पुसलं, पुन्हा बसवलं. फडकं तपकिरी झालं होतं. बटण पुन्हा दाबलं आणि तिच्या आवाजानं शेवटचं कडवं उचललं, स्वच्छ, फाटकं, उघडं. आईचे ओठ हलत होते. आवाज माझा होता, म्हणजे तिचाच.

गाणं संपलं. नुसती सळसळ उरली. बाईंनी सुस्कारा टाकला आणि बटणाकडे हात नेला.

"थांबा," मुलगी म्हणाली.

सळसळीत कुणीतरी श्वास घेतला होता. गोदामातल्या यंत्रवाल्यानं तेव्हा बंद करायला उशीर केला होता, एवढंच. मग आवाज आला, गाणारा नव्हे, साधा बोलणारा.

"अरे, खिडकी उघडा कुणीतरी, घामानं गिटार निसटतेय हातातून. खांबा, शेवटी काय वाजवलंस रे ते? नाही नाही, छान होतं. पण पुन्हा जमायचं नाही हं तुला." आणि ती हसली. मोठ्यानं, नाकातून फुर्र करत. मग माझं टोक सुटलं आणि रीळ रिकामंच फटफटत फिरत राहिलं.

कुणीही यंत्र बंद केलं नाही.

"तू अशी हसायचीस?" मुलीनं विचारलं.

आईनं मान डोलावली. डोळे पुसले, बोट गळ्यावर दाबलं. "शेवटचं ते काढून टाका. अल्बममध्ये नको ते. गबाळं वाटतं."

"नाही काढणार," मुलगी म्हणाली.

"अल्बम माझा आहे."

"असू दे. नाही काढणार."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. आवाज नव्हता, पण हसत होती. खांबानं तोंड फिरवून खिडकीबाहेर बघितलं.

आता मी कार्यशाळेतल्या कपाटात, कोरड्या डब्यात आहे. माझ्यावर फार काही उरलेलं नाही. बाईंनी डब्यावर "वाजवू नये" असं लिहिलंय आणि ते बरोबरच आहे. माझ्यावरून उतरवलेला अल्बम मुलीच्या दुकानात आहे. पहिल्या गाण्याची सुरुवात तुटकी आहे, ती तिनं तशीच ठेवलीय. काही लोक ऐकतात, काही परत आणून देतात. काही पुन्हा येऊन विचारतात, हिचं दुसरं काही आहे का? नाही, दुसरं काही नाही.

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात कुणाचा आवाज माझ्यासारख्या एखाद्या फितीवर पडून असेल, तर धार जाईल म्हणून थांबू नका. प्रत काढा. थोडी सळसळ वाढली तर वाढू दे.

बरं, येते आता. मुलगी मधूनमधून मला बघायला येते, दुकानातल्या गमती सांगते. परवा एका गिऱ्हाइकानं तिला विचारलं, आईचा आवाज आठवतो का? ती म्हणाली, "हो. आणि हसायची नाकातून."