तिला झोपवायचं काम माझं

मी इराच्या दुधाची बाटली बोलतेय. आज सकाळी मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ओली उभी होते, आणि अनुजाला पहिल्यांदा खटकलं ते हेच. गेले आठ महिने मी पोह्यांच्या डब्यामागे कोरडी ठणठणीत पडून होते. मला ओलं व्हायचं काही कारणच नव्हतं.

अनुजा म्हणजे इराची आई. इराची टॅक्सी दिसेनाशी होईपर्यंत गॅलरीतून हात हलवून ती आत आली, अर्धा तास देवापुढे बसली, मग पाणी प्यायला वळली आणि मला बघून दचकली. तशी ती कुकरच्या शिट्टीलाही दचकते, पण मग स्वतःलाच हसते. आज हसली नाही.

लालबागच्या बाजारातून विनीतने, इराच्या बाबाने, मला आणलं तेव्हा माझ्या अंगावर पिवळं बदक होतं. आता नुसती चोच उरलीय. घोडपदेवच्या चाळीतल्या या दोन खोल्या. शेजारचा टीव्ही, जिन्यावरची भांडणं, सगळं आत ऐकू येतं. त्या गलक्यात इराला झोपवणं म्हणजे खायचं काम नव्हतं. अनुजा गाऊन दमायची, विनीत खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालायचा आणि शेवटी म्हणायचा, "दे बाई ती बाटली." मग मी. साखर घातलेलं कोमट दूध आणि पाऊण तास. मी तोंडात असतानाच तिचा डोळा लागायचा. माझ्याइतका मान त्या घरात देवापुढच्या समईलाही नव्हता, असं आपलं मला वाटायचं.

मग ते दात. वरचे चार तपकिरी झाले, एकाखालची हिरडी सुजली. दादरच्या डॉक्टरबाईंनी एकच विचारलं, "बाटली तोंडात घेऊन झोपते का?" मी तेव्हा पिशवीतच होते. अनुजाने मान खाली घातली. घरी आल्याआल्या तिने मला डब्यामागे सारलं. टाकून मात्र दिलं नाही.

माझ्या जागी स्टीलचा पेला आला. त्याचा राग आला, पण तो काही तिला झोपवत नव्हता. खरी आग लागली ती भुलेच्या मास्कचं कानावर आलं तेव्हा. चार दातांचं काम, चार वर्षांचं मूल, तेवढा वेळ तोंड उघडं ठेवून बसणार कुठलं? म्हणून भूल द्यायची ठरली. अनुजा बाहुलीच्या नाकावर वाटी धरून इराला शिकवायची, "स्ट्रॉबेरीचा वास येणार, दहापर्यंत मोजायचं, की गाढ झोप."

दहा! आणि मला पाऊण तास लागायचा. त्यातून त्याला स्ट्रॉबेरीचा वास. माझ्या बुचाला कधी वास आलाच तर नासलेल्या दुधाचा. डब्यामागे मी नुसती जळत होते.

अनुजाचा जीव वेगळ्याच गोष्टीने जात होता. "ती उठलीच नाही तर, विनीत?"

"काहीतरीच काय! भूल देणारे डॉक्टर पूर्ण वेळ तिच्या उशाशी असणारेत. तू तिथे रडशील आणि ती तुझ्या वरताण रडेल. तू घरीच थांब."

म्हणून आज बापलेकच गेले.

डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, सहा तास आधीपासून खाणं नाही, दूधही नाही. अनुजाने फ्रिजवर कागद लावला, 'इरा आज उपाशी'. दूध वेगळं लिहायला हवं, हे तिच्या मनातही आलं नाही.

सकाळी सहाला इरा भुकेने उठली. अनुजा पाणी भरत होती, विनीत अंघोळीला गेलेला. डब्यामागे एक हात आला. जयवंत आजोबांचा, विनीतच्या वडिलांचा. किती दिवसांनी! इराच्या ओठांनी मला लगेच ओळखलं. दोन घोटांत ती गप्प. मी मनात म्हटलं, ये रे आता, मास्कवाल्या.

"आबा," अनुजाने मला उचलून विचारलं, "ही बाटली कोणी काढली?"

"मीच," आजोबा पेपरातून वर न बघता म्हणाले. "चेडू भुकेन कळवळत होता गो. खाऊक कायएक दिलंय नाय. दूदच दिलंय."

"दूध?"

"मगे? संकष्टीक मी दिवसभर दुदारच रवतंय. माझो उपास मोडता काय?"

 या घरात उपासाला दूध चालतं, अनुजा स्वतःही प्यायची. ती फोन शोधू लागली. "आबा, भुलेत उलटी झाली ना, तर ते दूध श्वासात जातं. गुदमरेल ती."

आजोबांच्या हातातला पेपर खाली आला. माझ्या तळाशी दुधाचा एक थेंब राहिला होता. तेवढाही मला पेलवेना.

नऊला पाच कमी, आणि नऊलाच भूल द्यायची होती. अनुजाने विनीतला फोन लावला. वाजला आणि कट झाला. पुन्हा लावला, पुन्हा कट. क्लिनिकचा नंबर एंगेज.

"कापतोय का हा?" अनुजा फोनकडे बघत म्हणाली.

"लाव, परत लाव," आजोबा तिच्याजवळ येऊन उभे राहिले. "माझा चुकला म्हणून सांग त्येका."

चूक त्यांची कसली? दात किडवले मी, आणि आज तिच्या पोटात गेले तीही मीच. अरे मास्कवाल्या, आजचा दिवस थांब. तिचं पोट रिकामं असेल त्या दिवशी तूच झोपव तिला, मान तुझा. आणि अनुजा, मला परत त्या डब्यामागे ठेवू नकोस. कचऱ्यात टाक. मी घरात असले की कोणाला ना कोणाला माया सुटतेच.

तिने पुन्हा फोन लावला. रिंग वाजत राहिली. कोणीतरी उचलला. आवाज विनीतचा नव्हता. बारीक, चिडका, टक्क जागा आवाज:

"आई, सारखा सारखा फोन नको ना करू! माझा गेम बंद पडतो!"