पूर्वेची टाकी

गच्चीवर चार-चार पॅनेलच्या दोन रांगा होत्या, एक पूर्वेची, एक पश्चिमेची. प्रत्येक रांगेला दोनशे लिटरची टाकी, विजेचा मीटर, पाण्याचा मीटर आणि थर्मामीटर. पॅनेल उन्हावर वीज देत आणि पाठीमागच्या नळ्यांतून पाणीही तापवत. माझ्या यादीत एवढंच होतं. साठ फुटी निळा पाइप यादीत नव्हता. तो पूर्वेच्या टाकीमागे गुंडाळून ठेवला होता आणि त्याच्या तोंडाशी अजून ओल होती.

लालबागच्या या तीन मजली इमारतीवर आमच्या संस्थेने प्रयोग लावून पाच महिने झाले होते. मी दर शनिवारी सकाळी आकडे घ्यायला जायचे.

"सापडला ना?" सोसायटीचे सेक्रेटरी अप्पा नाईकधुरे जिन्यातूनच म्हणाले. "पूर्वेकडच्या घरांना संध्याकाळी कोमट पाणी. गच्चीची चावी एकाकडेच. मग पाणी काय कावळे पितात?"

चावी वॉचमनकडे, दत्ताराम घाडींकडे होती. ते गच्चीलगतच्या खोलीत राहत. नोकरी गेली की खोलीही जाणार. उद्याच्या मीटिंगमध्ये तोच विषय होता.

"गिरणीत होता तेव्हा संपातसुद्धा हा मागच्या दाराने कामावर जायचा, असं लोक म्हणत," अप्पा म्हणाले.

"तुम्ही पाहिलंत?"

"लोक म्हणत," अप्पा पुन्हा म्हणाले.

मीटर तासातासाची नोंद ठेवत होते. पूर्वेच्या टाकीतून रोज दुपारी एकशे ऐंशी लिटरच्या आसपास पाणी जात होतं. संशय मलाही आला. पण त्याच दुपारी पूर्वेची रांग पश्चिमेपेक्षा दहा टक्के जास्त वीज देत होती. ऊन तेच, पॅनेल तेच. पाणी चोरणाऱ्याने मीटरलाही हात लावला असेल, म्हणून मी सील तपासलं. शाबूत होतं.

दत्ताराम खोलीच्या उंबऱ्यावर बसून चहा घेत होते. मी सरळ विचारलं.

"नेतो," ते म्हणाले. "खाली मागच्या गल्लीत रमाबाईची खानावळ हाय. दुपारची ताटं तेलकट, थंड पाण्यानं निघत नाय."

"सोसायटीला विचारलंत?"

"अप्पा नाय म्हणाला असता."

"पूर्वेचंच का?"

"पाइप तिथूनच पुरतो, बाय."

"आणि दुपारीच?"

त्यांनी हात पुढे केला. "गिरणीत साचाखात्यात, मागांवर होतो मी. बेअरिंग तापलं की पंजा लावून कळायचं. ही तुमची पॅनेलं पण पाठीमागं तापतात. पंजा ठरेना झाला की पाणी सोडतो. मग निवतात."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पॅनेल तापलं की वीज कमी देतं. गरम पाणी टाकीतून गेलं की त्या जागी थंड पाणी येतं, तेच नळ्यांतून फिरतं. पश्चिमेची टाकी मात्र दुपारभर भरलेली, तापत बसलेली. संध्याकाळच्या आंघोळीसाठी राखलेली.

अप्पांना हे पटलं नाही. "ती रांग मुळातच चांगली असेल. नाहीतर यानेच काहीतरी केलंय."

"मग आज उलटं करू," मी म्हटलं. "पाणी पश्चिमेचं सोडायचं. पूर्वेला हात लावायचा नाही. वीज पश्चिमेला वाढली तर?"

अप्पांनी विचार केला. "तर चावी त्याच्याकडे. पाणीही जाऊ दे, पण सांगून."

"आणि नाही वाढली तर?"

"खोली रिकामी."

दत्तारामांनी कप विसळून पालथा घातला.

मी कोपऱ्यावरच्या दुकानातून पंधरा फूट पाइप आणून जोडला. बाराच्या ठोक्याला अप्पा छत्री उघडून दोन मीटरच्या मधोमध खुर्ची टाकून बसले. दत्ताराम पंजा लावून बघत, थोडं थोडं पाणी सोडत. एकदा खालून रमाबाई ओरडल्या, "आज उशीर का रे, दत्ताराम?"

"वर साहेब बसलेत," त्यांनी कठड्यावरून सांगितलं.

अडीचला अप्पांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"अप्पा, तू पण तापलायस," दत्ताराम म्हणाले. "सोडू का पाइप?"

"मीटरला हात लावू नको," अप्पा म्हणाले आणि खुर्ची सावलीत न नेता तिथेच बसले.

चार वाजता त्यांनी स्वतः वाकून आकडे वाचले. मी लिहून घेतले.

बारा ते चार. पूर्व: पाणी सोडलं नाही, टाकी ६१ अंश, वीज २.०९ युनिट. पश्चिम: पाणी सोडलं १८४ लिटर, टाकी ४२ अंश, वीज २.३१ युनिट.